टाका

पाथर्डी फाट्याच्या पुढे पोल्ट्रीची जुनी शेड.
कोंबड्या गेल्या, वास राहिला.
भाडं तीन हजार, चौघांत वाटून,
आणि सिराज मणियारचे साडेसातशे कायम पुढच्या महिन्यात.

एकोणनव्वदचं मॉडेल. पिंपळगावच्या भंगारवाल्याकडून ओढत आणलं
तेव्हा हौद्यातल्या मातीत बाभूळ उगवली होती,
वीतभर, काट्यांसकट.
वृषाली म्हणाली, आधी हिला नीट लावा, मग गाडीचं बघू.
लावली. आता दाराशी छातीएवढी आहे,
येता-जाता शर्ट ओढते.

वृषाली देवरे पंपाची माणूस.
अंबडला तिचं कॅलिब्रेशनचं दुकान, वडिलांच्याच पाटीखाली.
नोझलचा फवारा बघते नि सांगते, हा थुंकतोय.
सकाळी द्राक्षबागेत औषध मारतात ना, तसं धुकं पाहिजे.
रविवारची आमची भाषा अशी:
इंजिनला खोकला, गिअर रुसलेला,
आणि कोणाची सोयरीक मोडली तर, टायमिंग गेलं त्याचं.

दौलत पाळदे टॅपेट लावतो.
फीलर गेजची पाती पत्त्यांसारखी पसरून
बारा थाऊची काढतो, सरकवतो.
अडकली पाहिजे पण मुक्काम नको, म्हणतो, जावयासारखी.
मग लांब स्क्रूड्रायव्हर ब्लॉकला टेकवतो, मूठ कानाला,
आणि डोळे मिटतो.
तेवढा वेळ चहाचा भुरकासुद्धा कोणी मारत नाही.

मी वेल्डर. तीस वर्षं सातपूरला, चॅसिसच्या लाइनवर.
अजून एखाद्या रात्री डोळ्यांत वाळू येते.

मार्चात रंग खरवडला. वर पांढरा, खाली पिवळा,
पिवळ्याखाली निळा, निळ्यावर अर्धी अक्षरं:
…नाथ टोमॅटो, आणि पाच आकडी फोन.
दौलतने खरंच लावून बघितला.
बाई म्हणाली, हा क्रमांक अस्तित्वात नाही.

मग मी खाली सरपटलो, तारेचा ब्रश घेऊन.
डाव्या चॅनेलवर, तिसऱ्या आडव्या पट्टीपाशी
एक टाका.
सुरुवात सरळ, मध्येच वर उडालेला,
मग घाबरून परत ओळीत आलेला.

असा टाका मी एकदा घातला होता.
सेकंड शिफ्ट. शेजारच्या बेवरून खैरनार काहीतरी बोलला
आणि मी मास्कच्या आत हसलो.
हात हलला. इन्स्पेक्टरने खडूची बरोबर मारली, गाडी पुढे.
काय बोलला ते आठवत नाही.
विचारावं तर खैरनारही नाही.

माझाच कशावरून?
अकरा वेल्डर, तीन शिफ्टा,
हात कोणाचाही हलतो.
तरी ग्राइंडर लावला. चकती फिरायला लागली.
डॅशखालून, दातांत वायर धरून, सिराज म्हणाला,
पस्तीस वर्षं टोमॅटो वाहिले त्याने. तू आता कसला हिशोब काढतोस?
वृषाली म्हणाली, आणि तडा असला तर?
तिने लाल डाय आणला. लावला, पुसला,
वर पांढरी पूड फवारली.
दहा मिनिटं चौघे गाडीखाली,
जन्माची वेळ बघतात तसे घड्याळाकडे बघत.
लाल रेघ आली नाही.

टाक्यावर मी पुट्टी भरली नाही.
बारक्या ब्रशने काळा मारला, दोन हात,
उंचवटा बोटाला लागेल इतपत.

जूनच्या आधीच्या रविवारी विल्होळीचा चढ घेतला.
दौलत स्टिअरिंगवर, तिसऱ्यात, धूर जवळपास नाहीच.
मी हौद्यात, अंदाजाने त्या टाक्याच्या बरोबर वर.
खिडकीतून मान काढून दौलत मागे काहीतरी ओरडला.
वाऱ्यात एक शब्द कळला नाही.
हसलो मात्र मी, पोट धरून.

परतताना हॉर्न गेला.
आता फक्त डावीकडे वळताना वाजतो.
सिराज म्हणतो, पुढच्या महिन्यात.